अस्वलाची मैत्रीण

आमच्या घराण्यात नोकरी सोडण्याची चाल नाही. नोकरी लागते, नोकरी मुरते आणि साठाव्या वर्षी पिकल्या फळासारखी आपोआप गळून पडते. मधेच हात उंच करून ते फळ तोडावे आणि कुंपणापलीकडे भिरकावून द्यावे असे आमच्यापैकी कोणाला सहसा सुचत नाही. माझे वडील सांगलीला शाळामास्तर होते आणि मास्तर म्हणूनच निवृत्त झाले. मी १९६६ साली मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात चिकटलो, तो २००६ साली रेल्वेने गळ्यात हार घालून घरी पाठवीपर्यंत चिकटूनच राहिलो. चाळीस वर्षांत मी हजारो माणसांचे सामान गावोगाव रवाना केले. स्वतः मात्र मिरज, सोलापूर आणि पुणे यांपलीकडे फारसा हललो नाही.

त्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये, मी लेकीकडे न्यू जर्सीत राहायला गेलो असताना, आमच्या नातीने वरणभात कालवता कालवता सांगितले, "मी नोकरी सोडतेय. ऑर्लँडोला काम मिळालंय," तेव्हा सगळ्यांत आधी माझाच घास घशात अडकला.

"कसलं काम?" जावयांनी विचारले.

"पार्कमध्ये. ते मोठ्ठं डोकं घालून मुलांना भेटतात ना, ते."

लेकीच्या हातातला वरणाचा डाव वाटीवर तसाच अधांतरी राहिला. जरा वेळाने त्यातून एक थेंब टेबलावर पडला, तो कोणी पुसला नाही.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. ते डोके कोणत्या प्राण्याचे आणि ती बाग कोणती, हे मी सांगणार नाही. त्या धंद्याचा तसा रिवाज आहे. आपण अमुक सोंग घेतो असे ही मंडळी चारचौघांत कधी बोलत नाहीत. फारच कोणी खोदून विचारले, तर "मी त्याची मैत्रीण आहे," एवढेच सांगतात. न जाणो, जवळपास एखादे लहान मूल ऐकत असायचे! म्हणून मी आपला अस्वल म्हणतो. ज्याला अस्वल आवडत नसेल त्याने आपल्या पसंतीचा प्राणी घालून पुढे वाचावे.

आमची नात तिकडेच जन्मली, १९९८ साली. गणितात हुशार. कॉलेजातून बाहेर पडताच एका विमा कंपनीत लागली. माणसे किती जगतील, किती आजारी पडतील, किती मोटारी आपटतील याचा अंदाज बांधून विम्याचे हप्ते ठरवायचे, असे ते काम. त्यासाठी एकामागून एक अवघड परीक्षा द्याव्या लागतात. तिच्या चार झाल्या होत्या. पगार असा, की माझ्या चाळीस वर्षांच्या एकूण पगाराशी त्याची तुलना करण्याचा मोह मी एकदाच केला आणि पुन्हा केला नाही.

अशा मुलीला अस्वल व्हावेसे का वाटावे? आठवून पाहिले तेव्हा एकच धागा सापडला. ती सात वर्षांची असताना तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचे नाटक होते. तिला त्यात झाड केले होते. इतर मुले राजा, प्रधान, चोर. पण पुढे महिनाभर मंडळाच्या आज्या बोलत राहिल्या त्या झाडाबद्दल. चोर येऊन टेकला तेव्हा झाडाला राग आला, राजकन्या रडली तेव्हा ते हळूच तिच्याकडे झुकले, आणि सबंध नाटकात त्याने तोंडातून अक्षर काढले नाही. मी ते चित्रफितीत पाहिले होते आणि हसून विसरलो होतो. ती विसरली नव्हती. दोन वर्षे रजा काढून, घरी न सांगता, ती ऑर्लँडोला निवडचाचणीसाठी जात होती. दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा घेतली. तिथे म्हणे प्रथम उंची मोजतात. आतली माणसे बदलली तरी अस्वल तेवढेच दिसले पाहिजे! मग थोडे नाचायला लावतात, आणि मग तोंड मिटून काहीतरी करून दाखवायला सांगतात: फुलपाखराच्या मागे लागा, केक करपवा, पावसात सापडा.

रात्री लेक माझ्या खोलीत आली. दार लोटून पलंगाच्या कडेला बसली.

"आबा, तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकते ती."

मी काही बोललो नाही.

"आम्ही इतक्या लांब आलो, ते हिनं अस्वल व्हावं म्हणून?"

हसू येण्यासारखे वाक्य होते, पण तिचे डोळे भरले होते. मग तिने मला खरी भीती सांगितली. अमेरिकेत दुखणे परवडत नाही. औषधपाण्याचा विमा बहुतेक नोकरीच्या शेपटीला बांधलेला असतो. २०१० च्या कायद्याने मुलांना आईबापांच्या विम्यात राहता येते, पण सव्विसाव्या वर्षापर्यंतच. आणि नात त्याच वर्षी सव्वीस पूर्ण करणार होती. अस्वलाचे काम ताशी दराचे; सुरुवातीला आठवड्याचे तास किती मिळतील याचीही खात्री नाही. "पाय मोडला तर कोण बघणार?" लेक म्हणाली, आणि हे विचारताना तिच्यापुढे सव्वीस वर्षांची मुलगी नसून चार वर्षांची होती, हे मला दिसत होते.

तिला आठवण करून द्यावी असे मनात आले, की १९९६ साली पुण्यातल्या बँकेतली पक्की नोकरी सोडून तू नवऱ्याबरोबर निघालीस, तेव्हा मी याच सुरात बोललो होतो. पण भरल्या डोळ्यांसमोर जुने हिशेब काढू नयेत. मी म्हटले, "बघतो."

मे महिन्यात नात सामान घेऊन निघाली तेव्हा मी तिच्या मोटारीत शेजारी बसलो. निमित्त सोबतीचे, कामगिरी समजावण्याची.

न्यू जर्सीहून ऑर्लँडो हजार मैलांच्या वर आहे. पण अर्ध्याअधिक वाटेसाठी तिकडे एक आगगाडी आहे, आणि नातीने खास माझ्यासाठी तिची तिकिटे काढली होती. व्हर्जिनियातल्या लॉर्टन गावी तुम्ही आपली मोटार स्टेशनवर देऊन टाकायची. तिच्या दाराला एक आकडा चिकटवतात, ती डब्यात चढवतात, आणि तुम्ही दुसऱ्या डब्यात बसून संध्याकाळी पाचच्या सुमारास निघता. रात्रभरात ८५५ मैल जाऊन सकाळी फ्लॉरिडातल्या सॅनफर्डला उतरता, आणि मागोमाग मोटारही उतरते. मधे उतारूंसाठी एकही स्टेशन नाही. १९७१ मध्ये एका खाजगी कंपनीने ही गाडी सुरू केली, दहा वर्षांनी ती बुडाली, आणि १९८३ पासून सरकारी ॲमट्रॅक ती चालवते आहे.

पार्सल क्लार्कच्या दृष्टीने हा स्वर्गच! मी तासभर कुंपणाशी उभा राहून मोटारी चढवणे पाहत होतो. मिरजेला तीन मापांचे रूळ येत. एका गाडीचा माल उतरवून दुसरीत भरताना आंब्याच्या करंड्या फुटत, कोंबड्या सुटत, विड्याच्या पानांवरून भांडणे होत. इथे शेकडो मोटारी निमूट डब्यात शिरत होत्या. आमच्या मोटारीत नातीची सबंध गृहस्थी होती: दोन बॅगा, कुकर, आईने दिलेला गोडा मसाला आणि फोमची एक गादी. आकडा चिकटलेली ती मोटार आत गेली तेव्हा मला वाटले, चाळीस वर्षांत आपण कधी एवढे मोलाचे पार्सल रवाना केले नव्हते.

गाडी सुटली. डबे खोलून पोळीभाजी खाल्ली. बाहेर काळोख पडला तेव्हा मी घसा खाकरला आणि तिला माझ्या धाकट्या काकांची गोष्ट सांगितली. समजावण्याचे माझ्याजवळ तेवढेच एक हत्यार होते.

सांगलीच्या मातीतच हा दोष आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी माणसाला नाटकाचे वेड लावले. १८८० साली त्याच भागातल्या विष्णुपंत छत्र्यांनी हिंदुस्थानातली पहिली देशी सर्कस काढली. पुढे म्हैसाळ, तासगाव ही गावे सर्कशींची गावे म्हणूनच ओळखली जाऊ लागली. शेजारचा मुलगा दिसेनासा झाला तर लोक प्रथम विहिरीत डोकावत आणि मग सर्कशीचा तंबू कोठे उठला याची चौकशी करीत.

माझे धाकटे काका मामलेदार कचेरीत कारकून होते. पक्की नोकरी, घरात काकू आणि दोन मुले. १९५१ साली गावात आलेली सर्कस महिनाभराने हलली, तिच्याबरोबर काकाही हलले. ते विदूषक झाले. आजोबांनी त्यांच्या नावाने स्नान केले. पहिले वर्षभर काकांची मनीऑर्डर महिन्याच्या महिन्याला येई. मग हंगामावर येऊ लागली. मग पोस्टमन आमच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागला. वडिलांच्या मास्तरकीच्या पगारात दोन संसार चालले. काकू लोकांचे पापड लाटी.

मी दहा वर्षांचा असताना, १९५६ साली, ती सर्कस मिरजेला आली. वडिलांना न सांगता मी गेलो. चार विदूषक आत आले, चौघांच्या तोंडाला पांढरा रंग. पण एकाचा डावा पाय किंचित ओढत होता. मी बाकावर उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडलो, "काका!"

तंबू हसला. आणि काकांनी काय करावे? ते दचकले, गर्रकन फिरले, आणि 'काका' कोठे आहे ते शोधू लागले. टोपीखाली पाहिले, घोड्याच्या पोटाखाली पाहिले, बँडवाल्याच्या कर्ण्यात डोके घातले. लोक हसून हसून लोळले. माझ्याकडे तेवढे त्यांनी पाहिले नाही. मी रडत बाहेर आलो. खेळ सुटल्यावर ते तंबूमागे आले, रंग तसाच, आणि माझ्या हातात शेंगांची पुडी देऊन म्हणाले, "खेळ चालू असताना आतल्याला हाक मारू नये, बाळ. तो बाहेर येतो."

१९६३ साली ते परत आले ते पाठ धरलेली घेऊनच. मधल्या खोलीत दोन वर्षे पडून होते. काकूने सगळे केले. पण आयुष्यात ती एकदाही सर्कशीला गेली नाही. मी पुढच्याच वर्षी रेल्वेत चिकटलो, त्यामागे ती मधली खोली होती.

गोष्ट संपली. गाडी दक्षिण कॅरोलायनात फ्लॉरेन्सला इंजिनवाले बदलण्यासाठी थांबली होती. नात खिडकीतून बाहेर पाहत होती. माझी अपेक्षा अशी, की ती काकांची बाजू घेईल. कलेबद्दल, स्वातंत्र्याबद्दल काही बोलेल. उत्तरे मी तयार ठेवली होती. पण तिने विचारले,

"आबा, जाताना त्यांनी काकूला विचारलं होतं?"

"नाही."

"मग ते चुकलेच," ती म्हणाली, आणि पिशवीतून वही काढून तिने माझ्यासमोर ठेवली. "हे बघ माझं."

तिच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्द नाही. ती मला 'तू' म्हणते आणि मला ते फार गोड लागते.

वहीत हिशेब होता. रकाने आखून, खाते पाडून. ती दहा वर्षांची असताना पुण्याच्या सुट्टीत मीच तिला जमाखर्च लिहायला शिकवले होते, तसाच. कॉलेजचे कर्ज एप्रिलमध्ये फेडून शून्य. सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकलेला. ताशी दर, आणि आठवड्याला तास कमीत कमी मिळाले तर किती, पुरते मिळाले तर किती. भाडे चौघांत वाटून. मोटारीचा विमा. प्रकृतीचा विमा स्वतः घेतला तर हप्ता किती, ते तीन ठिकाणी चौकशी करून. पेट्रोल. किराणा. आणि एक खाते नुसते 'गुडघे' म्हणून होते! अस्वले बहुतेक गुडघ्यांत मोडतात, असे तिला कोणी जुन्या अस्वलाने सांगितले होते. सगळ्यांच्या तळाला लिहिले होते, 'दोन वर्षे. मे २०२६. मग पुन्हा बघणे.'

धोका मोजण्याची विद्या ती शिकली होती. तिने तो स्वतःचा मोजला होता. मी पार्सल ऑफिसातल्या सवयीने प्रत्येक बेरीज तपासली. चूक सापडली नाही. पण एक खाते राहिले होते.

"घरी यायचं भाडं कुठाय?" मी विचारले.

ती बघतच राहिली. मी तिच्याच पेनाने खाली एक ओळ वाढवली: 'दिवाळीचे भाडे'. धाकट्या काकांच्या हिशेबात हीच ओळ नव्हती. मनीऑर्डर थांबली याचे दुःख काकूने पचवले असते. पण बारा वर्षांत एका दिवाळीला ते दारात उभे राहिले नाहीत, हे तिने पचवले नाही.

सॅनफर्डला सकाळी ऊन असे होते, की सोलापूरची आठवण यावी. वर घाम मात्र मुंबईचा. मोटारींचे आकडे पुकारले गेले, आमचे पार्सल सुखरूप सुटले, आणि आम्ही किसिमी गावातल्या तिच्या घरी आलो. घरात आणखी तिघी. एक पूर्वी रुग्णालयात परिचारिका होती, आता मिरवणुकीत नाचते. दुसरी शाळामास्तरीण, ती गाते. तिसरी काय करते ते तिने सांगितले नाही. ती कोणाची तरी मैत्रीण होती.

हे गाव समजून घ्यायला मला आठवडा लागला. साठ वर्षांपूर्वी इथे संत्र्यांच्या बागा, गुरांची कुरणे आणि दलदल होती. १९६४-६५ च्या सुमारास वॉल्ट डिस्नेने निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून, भाव चढू नयेत म्हणून गुपचूप, सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. तो स्वतः १९६६ च्या डिसेंबरात गेला. भावाने काम पुरे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी बाग उघडली. मग १९७३ मध्ये सीवर्ल्ड आले, १९९० मध्ये युनिव्हर्सल आले. डिस्नेच्या त्या पहिल्या बागेखाली बोगद्यांसारखे रस्ते आहेत. खरे म्हणजे ते जमिनीवरच आहेत आणि बागच वरच्या मजल्यावर आहे. कॅलिफोर्नियातल्या जुन्या बागेत एक गुराखी भविष्यकाळाच्या देखाव्यातून चालत जाताना मालकाला खटकला, म्हणून सोंगांना आपापल्या ठिकाणी जायला हा तळमजला केला, असे सांगतात. आमच्या दशावतारी नाटकवाल्यांना कोकणात म्हणत, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. इथे राजाने बोजा कोणाला दिसू नये म्हणून सबंध मजला बांधून काढला!

पण बोजा आहेच. डोके जड असते, आत वारा नाही, दिसते ते एखाद्या फटीतून. म्हणून शेजारी एक हात धरणारा माणूस ठेवावा लागतो आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर अस्वलाला आत न्यावे लागते. फ्लॉरिडात या मंडळींची कामगार संघटना जुनी आहे. २०२३ मध्ये तिथल्या डिस्ने बागांतल्या संघटनांनी करार करून किमान दर ताशी १८ डॉलरपर्यंत आणला. कॅलिफोर्नियातल्या सतराशेच्या आसपास सोंगाड्यांनी २०२४ च्या मे महिन्यात, म्हणजे आम्ही वाटेवर होतो त्याच सुमाराला, मते देऊन नटांच्या संघटनेत जायचे ठरवले. हे वाचले तेव्हा मला बरे वाटले. धाकट्या काकांना अशी संघटना असती तर मधल्या खोलीतली दोन वर्षे कदाचित टळली असती.

तिचे शिक्षण संपून ती कामावर जाऊ लागली. सही करायलाही शिकवतात! अस्वलाची सही एकच; आत कोणीही असो, वळण तेच यायला हवे. आमची नात रात्री जेवणाच्या टेबलावर पानेच्या पाने अस्वलाच्या सह्या गिरवी आणि मी शेजारी बसून वेलांट्या तपाशी.

परत फिरण्याच्या आदल्या दिवशी मी बागेत गेलो. तिने जागा सांगितली होती. वेळ सांगितली नव्हती. दुपारचे चार वाजले असतील. रांगेत माझ्यापुढे बहुतेक लेकुरवाळी माणसे; एकटा म्हातारा मी एकच. पुढे पाचेक वर्षांचा एक मुलगा आईच्या मागे लपला होता. त्याची पाळी आली तेव्हा तो हलेना. अस्वल पुढे गेले नाही. ते जागच्या जागी गुडघ्यांवर बसले (मला वहीतले खाते आठवले), मग त्याने तोंड फिरवले आणि पाठमोरे होऊन जमिनीवर बोटाने रेघा ओढू लागले, जणू त्याला कोणाशी काही देणेघेणे नाही. मिनिटभर गेला. मुलगा एक पाऊल पुढे आला. अस्वल आणखी लहान झाले. शेवटी मुलाने त्याच्या पाठीला हात लावला, आणि अस्वल इतक्या सावकाश वळले, की झाडावरचा पक्षीसुद्धा उडाला नसता.

हे तर आपले झाड! मी मनाशी म्हटले. मान वळवण्याची ती रीत मी कोठेही ओळखली असती.

माझी पाळी आली. हाक ओठांवर होती, पण शेंगांची पुडी आठवली आणि मी ती गिळली. अस्वलाने दोन्ही हात पसरले. मला मिठ्या मारण्याची सवय नाही. आमच्या पिढीत पाठीवर थाप म्हणजे अतिरेक. पण मी त्या केसाळ छातीवर डोके टेकले, आणि नको नको म्हणत असता पुटपुटलो,

"जेवलीस का?"

अस्वल क्षणभर थांबले. मग त्याने मान डोलावली, आपल्या पोटावरून हात फिरवला, आणि माझे दोन्ही हात आपल्या पंजांत धरून हळूच दाबले. मागची रांग खोळंबली होती. मी डोळे पुसत बाहेर आलो.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी चहा टाकला.

"छान केलंस हो," मी म्हटले. "त्या मुलाला कसं जवळ आणलंस!"

"कधी?"

"चार वाजता."

तिने कपातून डोके वर काढले. "आबा, मी तर साडेतीनला सुटले. नंतर बुटांच्या दुकानात होते."

स्वयंपाकघरात बराच वेळ काही आवाज झाला नाही.

"मग तिथं कोण होतं?" मी विचारले.

"अस्वल होतं," ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी वाटली ती लाज. आपण कोणा परक्या माणसाच्या गळ्यात पडलो! पण मग ध्यानात आले, की त्या आतल्या माणसाला मराठीचे एक अक्षर कळत नसणार. तरी एक म्हातारा छातीवर डोके टेकून काही विचारतो आहे, आणि ते काळजीने विचारतो आहे, एवढे त्याला कळले. आणि जे उत्तर द्यायला हवे होते तेच त्याने दिले. त्या उकाड्यात, ताशी ठरलेल्या दराने. मी चाळीस वर्षे पार्सले वेळेवर पोचवली याचा मला अभिमान आहे. हेही पोचवणेच होते. कोणी पाठवले आणि कोणी घेतले याचा तेवढा पत्ता नव्हता.

आणि मधली खोली? ती मी विसरलो नव्हतो, आजही विसरलेलो नाही. काका विदूषक झाले यात त्यांचे चुकले, असे मी साठ-सत्तर वर्षे मानत आलो. त्यांचे चुकले ते घरच्यांचा हिशेब न मांडता गेले यात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला माझ्या नातीने गाडीत एका प्रश्नात दाखवले होते. पण ते नीट समजायला मला एका अस्वलाची गरज लागली.

सकाळी लेकीचा फोन आला. "समजावलंत का, आबा?"

"वही तपासली," मी म्हटले. "बेरजा बरोबर आहेत. एक ओळ राहिली होती, ती मी घातली."

लेक गप्प राहिली. मग म्हणाली, "पाय मोडला तर?"

"तर तू जाशील," मी म्हटले. "मी असलो तर मीही येईन. आणि त्याचंही खातं आहे तिच्या वहीत."

ती रडली की हसली ते फोनवर कळले नाही. पण पुढच्याच आठवड्यात तिने ऑर्लँडोला भाजणीचा डबा पाठवला, यावरून मी काय ते समजलो.

त्या वर्षीच्या दिवाळीला नात घरी आली नाही. येऊ शकत नव्हती. दिवाळी संपली की नाताळचा हंगाम, आणि नव्या माणसाला तेव्हा रजा मिळत नाही. लोकांचा सण असतो तेव्हाच यांचे कामाचे दिवस असतात. काकाही दिवाळीत कोठल्यातरी गावी रंग लावून उभे असत, हे मला तोवर कधी सुचलेच नव्हते. मी पुण्यात होतो. लेकीने फोनच्या पडद्यावर दारातला आकाशकंदील दाखवला आणि म्हणाली, "ती येईपर्यंत उतरवणार नाही." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. नाताळात आळीभर दिवे लागले, त्यांत तो कंदील खपून गेला. जानेवारीत आळी काळोखी झाली, तरी तो तसाच. २०२५ च्या संक्रांतीनंतर दोन दिवसांनी नात दारात उभी राहिली. त्या रात्री चकल्या तळल्या, अभ्यंगस्नान झाले, आणि मग कंदील उतरला. वहीतल्या त्या ओळीपुढे तिने तारीख आणि विमानाचे भाडे लिहून त्याचा फोटो मला पाठवला.

दोन वर्षांतले पहिले वर्ष मे महिन्यात संपले. गुडघ्यांच्या खात्यात थोडा खर्च पडला आहे. पुढे काय, ते मला ठाऊक नाही, तिलाही नाही. फोनवर मी अजून पहिला प्रश्न तोच विचारतो, "जेवलीस का?" ती उत्तर देत नाही. मान डोलावते, पोटावरून हात फिरवते, आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत राहते.

अर्थात त्या दुपारची हकीकत मीच तिला सांगितली होती. त्यामुळे यावरून मी काही अनुमान काढत नाही.